नाकतोड्यांची भावकी

माझी बायको गेली शिमग्याच्या आधी. तिच्या मागं घरात जे राहिलं त्यात एक मडकं होतं. तोंड शेणानं लिंपलेलं, आत राखेत ठेवलेलं भाताचं बी. तांबड्या दाण्याचं, गरवं, उशिरा पिकणारं. तिला ते तिच्या आईकडून मिळालेलं. आता हे बी कुणाकडे नाही. एडवणला साडूकडे विचारलं, तो म्हणाला, इकडं सगळे दुकानातली पिशवी आणतात. डोंगराकडच्या पाड्यांवर विचारलं, तिथंही तेच. बायको आजारी होती तोवर ते लावलं गेलं नव्हतं, आणि भाताचं बी जुनं झालं की उगवत नाही. गेल्या पावसाळ्यात होतं तेवढं सगळं राबावर, म्हणजे रोपांसाठी भाजलेल्या वाफ्यावर, टाकलं तर जागोजागी टक्कल पडल्यासारखं उगवलं. जेवढी रोपं निघाली तेवढी शेताच्या खालच्या कोपऱ्यात लावली. खळ्याएवढा कोपरा. बाकी खाचरांत पोरानं दुकानातलं बी लावलं. म्हणजे कोपरा गेला की तो भात गेला. एवढं सरळ होतं ते.

मी घाटावरचा. शाळा चौथीपर्यंत. तरुणपणी बोईसरला आलो, एमआयडीसीत औषधाच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो, पिंपं ढकलत म्हातारा झालो. शेत बायकोच्या माहेरचं. ज्वारीत वाढलेल्या माणसाला भातातलं काही कळत नाही, आणि मी कळतं असं कधी दाखवलंही नाही. तिनं सांगायचं, मी करायचं. त्यामुळं ती गेल्यावर शेतात उभं राहिलं की हातात काय घ्यावं तेच सुचेना.

गणपती होऊन गेले. भात पोटरीला आला. पोटरी म्हणजे लोंबी अजून पानाच्या पोटात असते, बाहेर पडलेली नसते. गरोदर बाईसारखंच जपावं लागतं त्याला तेव्हा, असं बायको म्हणायची. एक दिवस सकाळी कोपऱ्यात पाय टाकला आणि पुढून भाताच्या पानांवरून फडफड उठली. हिरवे, मातकट, लहान, मोठे. नाकतोडे. पानांच्या कडा करवतीनं कापल्यासारख्या झाल्या होत्या.

वरच्या बाजूचं खाचर बायकोच्या चुलत भावाचं. नात्यानं माझा मेहुणा. त्याच्या शेतातलं पाणी बांधाच्या तोंडातून माझ्या त्या कोपऱ्यात उतरतं. तो बांधावर मोबाइल घेऊनच उभा होता.

“भावजी, हे बघा. टोळ आले.”

मोबाइलवर आभाळ काळं झालेलं, माणसं थाळ्या बडवतायत.

“हे कुठलं?”

“कुठलं का असंना. आमच्यात पण हायत, तुमच्यात पण हायत. मी फवारणीवाल्याला सांगितलाय. परवा येतो. तुमचं पण उरकून घ्या, एकाच पंपात होईल.”

मी औषधाच्या कारखान्यात जन्म काढला. फवारणीच्या डब्याचं बूच उघडलं की घशात काय होतं ते मला कुणी सांगायला नको. पण भात वाचत असेल तर मी मारलं असतं. मी काही साधू नाही. पोराला विचारलं. तो रात्रपाळी करून आलेला, डोळे तांबारलेले. म्हणाला, “मारून टाका बाबा, कशाला डोक्याला ताप.” आणि झोपला.

अडवलं ते सुनेनं. ती पालघरच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकलेली, बोईसरला शिकवण्या घेते. लोणच्याच्या रिकाम्या बरण्या घेऊन ती शेतात गेली आणि थोड्या वेळानं ओसरीवर वर्तमानपत्र पसरून बसली. मेलेले एकीकडे, जिवंत बरणीत.

“बाबा, इकडे या. हे टोळ नाहीत.”

“मग कोण आहेत? पाव्हणे?”

“बसा तर.”

मी बसलो. तिनं काडीनं दाखवलं. ह्या एकाच्या मिशा बघा, आखूड, डोक्याला दोन जाड केस लावल्यासारख्या. ह्या दुसऱ्याच्या बघा, अंगापेक्षा लांब, धाग्यासारख्या, मागं शेपटाच्याही पलीकडे गेलेल्या. ही दोन वेगळी घराणी आहेत. मूळ कूळ एक, पण फार जुनी वाटणी झालेली.

“भावकी,” मी म्हणालो.

“हां, भावकीच. आखूड मिशांच्या घरात आपले नेहमीचे नाकतोडे येतात. टोळसुद्धा त्याच घरातला. टोळ म्हणजे ह्याच घरातल्या ठरावीक जाती, गर्दी झाली की त्यांचा रंग बदलतो, चाल बदलते, आणि झुंडीनं उठतात. आपल्या शेतात त्या जातीचा एकही नाही.”

“आणि लांब मिशांच्या घरात?”

“हे हिरवे. शिवाय रातकिडा.”

“रातकिडा नाकतोड्याचा भाऊ?”

“चुलत. आखूड मिशांच्यांचा कान पोटाला असतो, पंखाखाली. लांब मिशांच्यांचा पुढच्या पायात, गुडघ्याच्या खाली. हे पाय पंखाला घासून आवाज काढतात, ते पंखावर पंख घासतात. मादी बघा. हिला मागं तलवारीसारखं आहे, ती झाडाच्या देठात चीर पाडून अंडी घालते. हिला नुसते खुंट, ती बांधाच्या मातीत घालते.”

मला गंमत वाटायला लागली होती, ते कबूल करतो. रुईवर बसतो तो पिवळा-निळा पट्ट्यांचा, त्याचं विचारलं. ती म्हणाली, तो आखूड मिशांचाच, पण वेगळी शाखा, अंगात विष असलेली, म्हणून पक्षी त्याला तोंड लावत नाहीत. मग हात जोडून बसणारा तो लांब मानेचा किडा विचारला. मला वाटलं तो तरी ह्यांच्यातलाच.

“तो नाही. तो झुरळाच्या जवळचा.”

“सोयरीक बघायला बसलो असतो तर फसलो असतो की.”

ती हसली. मग हसणं थांबवून म्हणाली, “बाबा, भात खातात ते आखूड मिशांचे. लांब मिशांचे थोडं पान कुरतडतात, पण ते खोडकिड्याची अंडीपण खातात. फवारलं की दोन्ही मरतील. खोडकिडा देठाच्या आत असतो, तो वाचेल. मग लोंब्या पांढऱ्या पडतील.”

खोडकिडा मला माहीत होता. तो आतून देठ पोखरतो आणि लोंबी बाहेर पडते ती पांढरी, उभी, आत दाणाच नाही. नुसतं पळींज. ओढली की हातात येते. मेहुण्यानं आदल्या साली फवारलं होतं आणि नंतर त्याचं अर्धं खाचर पांढरं पडलं होतं. त्यानं खापर बियाच्या दुकानदारावर फोडलं.

पण माझा राग वेगळाच होता. बायको पहाटे जुनी मच्छरदाणी भातावरून ओढायची. दवानं नाकतोडे थिजलेले असतात, उडता येत नाही. जे सापडेल ते रॉकेलच्या पाण्यात. सगळे. मिशा बघत बसली नाही कधी.

“म्हणजे तुझी सासू वेडी होती,” मी म्हणालो.

सुनेनं काडी खाली ठेवली. “आई सगळ्या शेतात हा भात लावायच्या. थोडा गेला तरी चालायचं. आता कोपरा राहिलाय. तुम्ही मला वेडी म्हणा, पण कोपरा एकच आहे.”

मी उठून मागं गेलो आणि विहिरीवर हातपाय धुतले, गरज नसताना.

संध्याकाळी तिनं एक पान आणलं. टोकाजवळ तपकिरी लोकर चिकटल्यासारखा ठिपका. खोडकिड्याची अंडी. ते पान एका बरणीत, सोबत लांब मिशांचा एक. दुसऱ्या बरणीत तसंच पान आणि आखूड मिशांचा. बरणीला फडकं बांधलं. आम्ही बसून बघत राहिलो. लांब मिशांचा काचेला चिकटून मिशा हलवत बसला. अंड्यांकडं ढुंकूनही बघेना. मेहुणा येऊन बघून गेला.

“भावजी, टीव्ही बिघडला काय?”

सकाळी बघितलं तर त्या बरणीतला ठिपका खरवडून साफ. नुसतं पान राहिलेलं, वर थोडी लोकर. दुसऱ्या बरणीत अंडी जागेवर, पानाचा मात्र फडशा. मी दोन्ही बरण्या घेऊन मेहुण्याकडे गेलो. तो दात घासत होता. त्यानं बरणी उजेडाला धरली, परत दिली.

“बरणीत कोंडल्यावर मी पण खाईन. शेतात खातो का, ते सांगा.”

ते मला सांगता येत नव्हतं. सुनेलाही येत नव्हतं. ती म्हणाली, “मामा, सगळे खातात असं नाही. पण खातात.”

“म्हणजे तुमच्या तांबड्या भातासाठी आमी आमचा भात वाऱ्यावर सोडायचा. तुमचा पोरगा कंपनीत हाय. आमाला हाच भात खायचा हाय वर्सभर.”

तो खोटं बोलत नव्हता. उद्या पंप येणार होता. त्याच्या खाचरातलं पाणी माझ्या कोपऱ्यात येणार होतं. मी म्हटलं, “मी तुझ्या खाचरात पण जाळी ओढतो. रोज पहाटे. आखूड मिशांचे मारतो, लांबवाले सोडतो. तू फक्त थांब.”

“म्हातारपणी माझा गडी होणार काय?”

“होतो.”

तो चूळ भरून थुंकला आणि म्हणाला, “लोंब्या बाहेर पडेस्तोवर थांबतो. पांढरी लोंबी दिसली की त्याच दिवशी पंप. मग मधे यायचं नाय. आणि भात गेला तर गावात मी सांगेन, घाटावरच्याचं ऐकलं म्हणून गेला.”

त्यानं फवारणीवाल्याला फोन लावला. तो उत्तरेकडचा पोरगा, कारखान्यात पाळी करून वरकमाईला पंप मारतो. फोनमधून ऐकू आलं, “ठीक है सेठ, जब बोलोगे तब आऊँगा.”

दुसऱ्या दिवसापासून मी उजाडताना खाचरात. बांधाच्या पलीकडून कारखान्यांचा तो आंबूस वास येत असतो त्या वेळी, दवात बसलेला. मी मच्छरदाणीचं एक टोक धरायचो, सून दुसरं. भाताच्या शेंड्यावरून हळू ओढायचं, पोटरीला धक्का लागू द्यायचा नाही. मग बांधावर झटकायचं. सुनेला उजाडलं की शिकवण्यांना जायची घाई, म्हणून निवडायला मी एकटा. एकेक उचलायचा, मिशा बघायच्या. आखूड, बादलीत. लांब, परत भातावर. माझी नजर अधू, पण मिशा दिसत होत्या. मेहुण्याच्या रस्त्याकडच्या भागात आधी ओढलं. बादली भरत होती. मला वाटलं, चाललं बरोबर.

एके दिवशी शिकवण्यांना सुट्टी होती. सून बादलीपाशी बसली आणि काडीनं ढवळायला लागली. ढवळता ढवळता तिचा हात थांबला.

“बाबा, हिला मागं तलवार आहे.”

मी वाकून बघितलं. मेलेली, हिरवी, मिशा आखूड.

“मिशा आखूड आहेत की.”

“तुटल्यात. जाळीत अडकून तुटल्यात.” तिनं अजून एक काढली, अजून एक. “ह्यांच्या मिशा धाग्यासारख्या असतात बाबा. मच्छरदाणीच्या भोकात शिरतात आणि ओढलं की तुटतात.”

म्हणजे मी मिशा बघून राखणदारच मारत होतो. आधी मीच मिशा तोडत होतो, आणि मग मिशा नाहीत म्हणून बुडवत होतो. मेहुणा वरच्या बांधावर गवत कापत होता. मी बादली उचलून त्याच्या खाचरांच्या मधल्या बांधावरच्या जांभळीच्या मागं नेली. त्याला सांगितलं असतं तर पंप त्याच दिवशी आला असता. सुनेनंही काडी गवतात टाकली आणि माझ्या मागून आली.

मिशा तुटणार नाहीत असं कापड हवं होतं. मऊ, घट्ट विणीचं, बिनभोकाचं. सून म्हणाली, चादर घेऊ. चादर ओली झाली की जड होते, भात मोडला असता. मी घरात गेलो, ट्रंक उघडली. बायकोची लुगडी होती. तिच्या नेहमीच्या वापरातलं, धुऊन धुऊन पातळ झालेलं हिरवं लुगडं वर होतं. शिमग्यापासून ट्रंकेला मी हात लावला नव्हता. वास यायला नको म्हणून तोंड बाजूला करून काढलं.

सून म्हणाली, “बाबा, हे नको.”

“मग कुठलं? नवं आणू काय नाकतोड्यांना?”

त्या दिवसापासून जांभळीखालच्या भागात आणि माझ्या कोपऱ्यात लुगडं ओढलं. मिशा शाबूत यायला लागल्या. दवानं भिजून लुगड्याला भाताचा, चिखलाचा वास लागला, आणि तिचा वास गेला. बरं झालं की वाईट झालं, ते मी ठरवलेलं नाही. आखूड मिशांचे कोंबड्यांना घालायला लागलो. कोंबड्या तुटून पडायच्या.

मग लोंब्या बाहेर पडायला लागल्या. तांबडा भात गरवा, तो शेवटी. आधी मेहुण्याचा पडला. मी रोज त्याच्या खाचराच्या कडेनं चालायचो आणि पांढरं शोधायचो. झोप लागत नव्हती. जेवताना सून बोलायची आणि मला ऐकू यायचं नाही, तेव्हा ती परत बोलायची.

पांढरं दिसलं ते रस्त्याकडच्या भागात. जिथं मी मच्छरदाणीनं ओढलं होतं तिथं. हिरव्यात उभ्या, ताठ, कोरड्या लोंब्या. मेहुण्याला माझ्या आधी दिसल्या होत्या. मी पोचलो तेव्हा पंपवाला पोरगा पाठीवर टाकी अडकवून बांधावर उभा होता, तोंडाला रुमाल.

“बोललो होतो,” मेहुणा म्हणाला.

“बोलला होतास.”

“आता मधे यायचं नाय.”

“येत नाही. पण एकदा खाली चल. माझ्या बाजूला बघ. मग मार.”

तो का आला माहीत नाही. बायकोचा भाऊ होता म्हणून आला असेल. आम्ही बांधावरून उतरत गेलो, सून मागं. रस्त्याकडून खाली येताना पांढऱ्या लोंब्या कमी होत गेल्या. जांभळीच्या खाली तर शोधाव्या लागत होत्या. मग माझा कोपरा. तांबड्या भाताच्या लोंब्या नुकत्या बाहेर पडत होत्या, काही अर्ध्या पानातच. त्यातही पांढऱ्या होत्या. मेहुण्यानं एक धरून ओढली, सरळ हातात आली. दुसरी ओढली. मी त्याच्या हाताकडे बघत होतो. तिसरी शोधायला त्याला वाकून पुढं जावं लागलं. मग त्यानं एक हिरवी धरून ओढून बघितली. ती आली नाही.

“तुमच्यात कमी हायत,” तो म्हणाला.

“कमी आहेत.”

त्यानं सुनेकडे बघितलं. “हे त्या मिशावाल्यांमुळं काय?”

“असेल मामा. नक्की नाही सांगता येत.”

“नक्की सांग ना बाय. म्हणजे शिव्या कुणाला द्यायच्या ते कळंल.”

मी तेव्हा सांगितलं. रस्त्याकडं मच्छरदाणीत मिशा तुटल्या, माझ्या हातून लांबवाले मेले, आणि मी गप्प बसलो. सून घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मेहुण्यानं माझी आई काढली. ती मी ऐकून घेतली. मग तो वर गेला आणि पंपवाल्याला म्हणाला, “रोड साइड मारना. जांभूल के पेड तक. उसके नीचे नाय.”

“पूरा पैसा लगेगा सेठ.”

“लगने दे.”

समुद्राकडून वारा होता, आमच्यापासून रस्त्याकडे. पोरगा फवारत होता तोवर मी जांभळीखाली उभा राहिलो. वारा उलटा फिरला असता तर मी काय करणार होतो, कोण जाणे. बांधाचं तोंड आधीच चिखलानं बुजवलं होतं. ते सारखं बघत होतो, कुठं झिरपतंय का. पंप बंद झाला, पोरगा टाकी उतरवून बिडी ओढायला गेला, तरी मी ते तोंडच बघत होतो. सुनेनं हाताला धरून आणलं.

रस्त्याकडचा मेहुण्याचा भात वाचला नाही. जे पांढरं होतं ते पांढरंच राहिलं, कारण किडा आत होता. खालचा वाचला. तो आजही म्हणतो, निम्मा तुमी घालवलात आणि निम्मा तुमीच राखलात, आता हिशेब कोण करणार. कापणीला मी त्याच्याकडं गडी म्हणून राबलो, ते त्यानं नको म्हटलं नाही.

तांबडा कोपरा दिवाळीनंतर कापला. विळा मी कुणाच्या हातात दिला नाही. पांढऱ्या लोंब्या वेगळ्या काढल्या, जाळल्या. बाकीच्या झोडल्या, पाखडल्या. हातावर घेऊन चोळलं, टरफल निघालं आणि आत तांबडा दाणा, टपोरा. दातानं फोडला, कट्ट झालं. जोडीला थोडं पळींज होतंच. सुपात जे राहिलं ते बघून सून म्हणाली, “पुढच्या साली एक सबंध खाचर होईल ह्याचं.”

माझा पोरगा पाळीवरून आला. सुपातला भात हातानं चाळवत म्हणाला, “आईच्या हातचा हा भात किती दिवसांत खाल्ला नाही. बाबा, एक मूठ सडून शिजवू या ना. तिघांना एकेक घास.”

सुनेनं माझ्याकडं बघितलं. तिलाही वाटत होतं. मलाही वाटत होतं. त्या भाताला एक वास येतो शिजताना, अख्ख्या घरात भरतो.

मी नाही म्हटलं. पोरगा रुसून आत गेला.

बायको असती तर तिनं शिजवला असता. तिला खायला आवडायचं आणि पोराला नाही म्हणणं तिला जमत नव्हतं. पण एक मूठ कमी पडली तर कुठून भरून काढायची, ते तिला माहीत होतं. मला माहीत नाही. म्हणून सगळं बी ठेवलं.